माझ्यानंतर गोबो कुणाची

चौतीस वर्षं मी जपानातल्या इमाबारी शहरात एका टॉवेल कारखान्यात तपासणीच्या टेबलापाशी उभी राहिले. काम एकच, खोट काढायची. टॉवेल उजेडात धरायचा, हात फिरवायचा, धागा ओढलेला दिसला की बाजूला टाकायचा. कारखाना सुटून अकरा वर्षं झाली, पण डोळ्यांची खोड काही सुटली नाही. माणसं असोत, जेवण असो नाहीतर शेजारणीचे पडदे, मला आधी ओढलेला धागाच दिसतो. माझी धाकटी बहीण रुरिको म्हणते, "ताई, उद्या देव समोर उभा राहिला ना, तरी तू म्हणशील, उजवी बाही जरा आखूड झालीय."

त्यामुळे गोबोला पहिल्यांदा बघितलं तेव्हा तिच्या खोटीच आधी दिसल्या, यात नवल नाही. एक कान उभा, दुसरा पडलेला. अंग लांबडं, पाय बुटके. थोडी चिवावा, थोडी डाक्सहुंड आणि उरलेली कोण जाणे कोण. पुढचे दात पडलेले, म्हणून जिभेचं टोक कायम बाहेर. गावच्या सभागृहाच्या मागच्या अंगणात दत्तक द्यायच्या कुत्र्यांच्या पिंजऱ्यांची रांग लावली होती आणि बाकीची कुत्री जाळीला नाकं लावून येणाऱ्या-जाणाऱ्याची मनधरणी करत होती. ही तेवढी सगळ्या जगाकडे पाठ करून बसलेली. मला ते आवडलं. मी तिथेच थांबले.

"ही गोबो," एप्रन घातलेली एक बाई म्हणाली. तिचं नाव निनोमिया. सोडवून आणलेल्या कुत्र्यांचं निवारा-घर तीच चालवते. "बंद पडलेल्या पैदाशीच्या शेडमधून एकदम अकरा आली. म्हणून सगळ्यांना भाज्यांची नावं दिली. तो मुळा, ती कांदा, ही गोबो."

गोबो म्हणजे आमच्याकडचं मातकट रंगाचं, हातभर लांब कंदमूळ. गाजराबरोबर बारीक चिरून सोया सॉसमध्ये परतलं की भातासोबत छान लागतं. नाव अगदी चपखल होतं.

"वय?" मी विचारलं.

"सहा असेल. आणि काकू, तुमचं?"

"एकाहत्तर. मी ओची. घरी एकटीच असते. यजमान जाऊन सहा वर्षं झाली."

निनोमियाबाईंनी मान तिरकी केली आणि आवाज मऊ केला. आवाज मऊ झाला की समजावं, पुढे नकार आहे.

"राग मानू नका हं, ओचीकाकू. एकटं राहणाऱ्या आणि पासष्टी ओलांडलेल्या माणसाला आम्ही कुत्रं असंच देत नाही. तुमच्यानंतर तिचं कोण करणार, ते आधी कागदावर लागतं. साठीच्या आतलं कुणीतरी, तासाभराच्या अंतरावरचं."

"माझ्यानंतर म्हणजे मी मेल्यावर."

"किंवा पडल्याबिडल्यावर," ती घाईघाईने म्हणाली.

तिने अर्ज दाखवला. त्यावर दोन रकाने होते, दोन्हींपुढे सहीऐवजी नावाचा शिक्का मारायची जागा. एक 'सांभाळणार' आणि त्याखाली 'नंतर सांभाळणार'. आधी दोन आठवडे कुत्रं घरी न्यायचं, जमतंय का बघायचं. त्या दोन आठवड्यांत दुसऱ्या रकान्यातल्या माणसानेही तीनदा तरी येऊन जायचं आणि एक रात्र कुत्र्याला स्वतःच्या घरी झोपवायचं. म्हणजे वेळ आलीच तर कुत्र्याला ते घर परकं वाटत नाही. नियमात खोट नव्हती. मी बघितली शोधून.

मला मूलबाळ नाही. यजमानांचे पुतणे ओसाकाला. साठीच्या आतलं आणि तासाभराच्या अंतरावरचं असं माझं एकच माणूस उरतं, आणि नेमकं तेच नाव मला त्या कागदावर नको होतं.

रुरिको माझ्याहून तेरा वर्षांनी लहान. तिला पाठीला बांधून मी शाळेच्या मैदानावर दोरीवरच्या उड्या मारल्यात. ती दिसायला गोड, बोलायला गोड, जिथे जाईल तिथे लोक तिला संत्री देतात. त्याचंही मला काही वाटलं नसतं. पण आईचं शेवटचं आजारपण मी काढलं, नऊ वर्षं. शेवटच्या दोन वर्षांत आई नावं विसरायला लागली आणि पहिलं विसरली ते माझं. मी चमच्याने पेज भरवायची आणि ती विचारायची, "रुरिको आली का?" रुरिको महिन्यातून एका रविवारी यायची, गोड बनपावांचा खोका घेऊन. अर्धा तास बसायची, आईचे केस विंचरायची, आणि आईचा चेहरा दिवा लावल्यासारखा उजळायचा. मला आई त्या दिवसांत म्हणायची, "बाई, तुमचे फार उपकार आहेत हो." कामाला ठेवलेल्या बाईशी बोलावं तसं. आईला जाऊन दहा वर्षं झाली, पण ते 'बाई' माझ्या कानातून अजून गेलेलं नाही.

तरी फोन केला. गरजवंताला अक्कल नसते.

"कुत्रं? ताई, तू?" रुरिको हसायलाच लागली. "तू तर कावळ्यांनासुद्धा शिस्त लावतेस!"

"येणार आहेस की नाही, ते सांग."

"येणार म्हणजे काय! तू म्हणशील तिथे शिक्का मारते. कधी मरतेयस तेवढं आधी कळव, म्हणजे मी अंगणाचं कुंपण दुरुस्त करून घेईन."

"कुंपण दुरुस्त करून ठेव. पण वाट बघत बसू नकोस."

अशी गोबो घरी आली. आली ती फ्रिज आणि भिंत यांच्यामधल्या फटीत शिरली आणि चार दिवस तिथेच राहिली. कारखान्यात बाद ठरलेले टॉवेल आम्हा कामगारांना घरी न्यायला मिळायचे, माझं कपाट त्यांनीच भरलंय. त्यातला एक जाड, निळ्या काठाचा, कोपऱ्यात धागा ओढलेला असा मी फटीत सारला. वाडगं ठेवायचं आणि स्वयंपाकघरातून बाहेर जायचं. परत यावं तो वाडगं रिकामं, कुत्रं आत. मी ओट्यापाशी उभी राहून पाठमोरीच तिच्याशी बोलायची. आज मासळी महाग आहे, खालच्या मजल्यावरचा म्हातारा परत रेडिओ मोठ्याने लावतोय, असलं काहीबाही. सहा वर्षांत या घरात मी एवढी बोलले नव्हते.

पाचव्या दिवशी तिने माझ्या तळहातावरून खाल्लं. ती ओली, खरखरीत जीभ हाताला लागली आणि मी श्वास धरून बसले, गुडघे दुखेपर्यंत. त्यानंतर ती माझ्या मागे मागे फिरायला लागली. मी न्हाणीघरात गेले की दाराबाहेर बसायची, अर्थात पाठ करून. फक्त शेपटी काही हलत नव्हती. पोटाखाली घातलेली ती तशीच. मला वाटलं, शेडमध्ये कधीतरी मोडली असेल. निनोमियाबाईंना विचारायचं ठरवलं होतं.

मग पहिला रविवार आला आणि रुरिको आली. दारात बूट काढले, पर्स टाकली आणि साठीला टेकलेली बाई सरळ स्वयंपाकघरात फरशीवर पसरली. "कुठंय माझी पोरगी? कुठंय माझं मातकट मूळ?" हातात भाजलेलं रताळं. मी सांगणार होते, अगं ती अशी येत नाही, मला पाच दिवस लागले. तेवढ्यात फटीतून नाक आलं, मग एक कान, मग अख्खी गोबो. रुरिकोच्या मांडीवर पुढचे पाय ठेवून तिने रताळं खाल्लं, आणि मागून आवाज यायला लागला. टप, टप, टप. शेपटी फ्रिजच्या दारावर आपटत होती.

शेपटी मोडलेली नव्हती.

"ताई, बघ ना, ही हसतेय!"

"हसत नाहीये. तिला दात नाहीत."

"अगं, कित्ती लाघवी आहे! आणि तू म्हणालीस, घाबरट आहे म्हणून."

खोटं कशाला बोलू, ते रताळं हिसकावून खिडकीबाहेर भिरकावून द्यावं असं मला वाटलं. पाच दिवस कोण बोललं त्या फटीशी? तिची घाण कोणी काढली, पायांच्या जखमांना मलम कोणी लावलं? आणि या आल्या आयत्या बिळावर नागोबा. मी चहा केला. रुरिकोला साखरेची वडी लागते, ती मुद्दाम दिली नाही. तिने बिनसाखरेचाच चहा पिऊन "छान झालाय" म्हटलं, त्यामुळे आणखीच चीड आली.

जाताना तिने गोबोसाठी आणलेला पिवळा लोकरीचा स्वेटर दिला. "थंडी पडायला लागलीय, घाल हं तिला." मी "उद्या घालते" म्हटलं आणि ती गेल्यावर खालच्या खणात टाकून दिला. दुसऱ्या दिवशी बाजारातून रताळी आणली. रुरिकोच्या दुप्पट गोड निघाली, मी चाखून बघितली. गोबोने खाल्ली, वाडगं चाटून पुसून. शेपटी ढिम्म.

गुरुवारी तिची रात्र रुरिकोकडे होती. रुरिको राहते सायजोला, नवरा आणि अंगण यांच्यासोबत. गाडी घेऊन आली, गोबोला घेऊन गेली. संध्याकाळी फोनवर फोटो आला. गोबो रुरिकोच्या नवऱ्याच्या मांडीवर पोट वर करून पडलेली. खाली लिहिलेलं, 'काळजी करू नकोस, मजेत आहे!' मी जेवायला बसले होते. गोबोचं मूळच परतलं होतं त्या दिवशी, योगायोगाने. दोन घास खाल्ले आणि झाकून ठेवलं.

सकाळी मला आठवलं की तिच्या पायाचं मलम द्यायचं राहिलंय. मलम रुरिकोच्या गावातही मिळतं, हे मला माहीत होतं. तरी पहिली गाडी धरली. रुरिकोच्या गल्लीच्या कोपऱ्यावर तिची शेजारीण पानं झाडत होती. तिला नमस्कार केला, यंदा थंडी लवकर आली वगैरे दोन वाक्यं मोठ्याने बोलले, कारण तिला कमी ऐकू येतं. मग कुंपणाच्या झाडांवरून आत डोकावले.

गोबो धावत होती. पर्सिमनच्या झाडाभोवती, ओल्या गवतावर, कान मागे टाकून, बुटक्या पायांनी गरागरा. तिला धावता येतं हे मला ठाऊकच नव्हतं. माझ्या घरात ती भिंतीच्या कडेने चालते. रुरिको पायरीवर उभी राहून बघत होती आणि तिचा चेहरा काही मला नीट दिसला नाही. मी फाटक उघडलं तसं धावणं थांबलं. गोबो आली, माझ्या बुटाला पाठ टेकून बसली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"झोपली का नीट?" मी विचारलं.

"हो," रुरिको म्हणाली. "हो, झोपली की."

परतीच्या गाडीत पिशवीतली गोबो मांडीवर होती आणि मी खिडकीबाहेर बघत होते. पोटात दुखणं म्हणतात ते खरोखर पोटातच दुखतं, बरगड्यांच्या खाली डावीकडे. आई नेली, आता हीसुद्धा. घरी पोचल्यावर मी रुरिकोला फोन करून सांगितलं की रविवारी यायची गरज नाही. निनोमियाबाई म्हणाल्या, दोनदा भेट झाली तेवढी पुरे. निनोमियाबाई असं काहीच म्हणाल्या नव्हत्या. एकाहत्तराव्या वर्षी मी कुत्र्यापायी बहिणीशी खोटं बोलले.

त्या रविवारी गोबो सकाळपासून दाराकडे तोंड करून बसली. खाली गाडी थांबली की कान उभा, गाडी गेली की खाली. मी रताळं धरलं नाकासमोर. तिने सभ्यपणे वास घेतला आणि पुन्हा दाराकडे बघितलं. मला आई आठवली. "रुरिको आली का?"

"नाही येणार," मी म्हटलं. "मीच आहे. बसा आता."

चौदाव्या दिवशी, सोमवारी दुपारी, निनोमियाबाई कागद पक्के करायला आल्या. शिक्क्यासाठी रुरिकोलाही बोलावलं होतं. मी घर चकचकीत केलेलं, यजमानांच्या आणि आईच्या फोटोपुढे ताजा भात ठेवलेला. बैठ्या टेबलाभोवती आम्ही तिघी, मध्ये संत्र्यांची टोपली, आणि गोबो रुरिकोच्या मांडीवर. दुसरीकडे कुठे असणार!

"तीन भेटी झाल्या ना?" निनोमियाबाईंनी कागदावरून विचारलं.

रुरिकोने माझ्याकडे पाहिलं. फक्त एक क्षण. तिला कळलं. "झाल्या," ती म्हणाली. "काल रविवारीसुद्धा येऊन गेले."

तिने मला सांभाळून घेतलं, आणि तेसुद्धा मला सहन झालं नाही.

"मग, ओचीकाकू, कसं वाटतंय?"

आता आमच्याकडे एक रीत आहे. पाहुण्यासमोर आपलं ते वाईट म्हणायचं, दुसऱ्याचं ते चांगलं, आणि समोरच्याने "छे छे" करायचं. माझ्या लग्नाच्या बोलण्यात माझी आई माझ्या सासूला म्हणाली होती, "मुलगी काही कामाची नाही हो, नाकही बसकं आहे." सासू तीनदा "छे छे" म्हणाली, म्हणून तर लग्न झालं. मनात जितकी आग, तितकी जीभ जास्त गोड, असंही आम्हा लोकांचं आहे. त्या दिवशी माझ्या मनात चूल पेटली होती.

"माझ्यासारख्या म्हातारीकडे काय आहे हो?" मी म्हटलं. "अंगण नाही, घर अंधारं. मला धड खेळवतासुद्धा येत नाही तिला. खरं सांगायचं तर तिचा जीव रुरिकोवरच आहे. तिकडेच ती सुखात राहील."

"छे छे, ताई, काहीतरीच काय," रुरिको म्हणाली. हे झालं पहिलं.

आता दुसरं निनोमियाबाईंचं. पण त्यांनी पेन खाली ठेवलं.

"ओचीकाकू, एक सांगू? मी आता लोकांचं बोलणं जसं आहे तसंच घेते. पूर्वी वाटायचं, सभ्यपणाने म्हणताहेत. एका आजोबांनी सांगितलं होतं, 'मला काही झेपणार नाही', मी हसून 'छे छे' म्हटलं आणि कुत्रं देऊन आले. तीन महिन्यांत ते कुत्रं परत आलं, निम्मं होऊन. त्यांना खरंच झेपत नव्हतं." त्या रुरिकोकडे वळल्या. "तुम्ही साठीच्या आत आहात, घराला अंगण आहे, आणि गोबोला तुमचा लळा आहे, हे मला दिसतंयच. तयारी असेल तर तुमचं नाव पहिल्या रकान्यात घालूया. मग दुसऱ्याची गरजच नाही."

आता रुरिकोने दुसरं "छे छे" म्हणायचं होतं. मी वाट बघत होते. ती गोबोच्या पडलेल्या कानावरून बोट फिरवत होती, आणि तिचा चेहरा तसा उजळला होता, आईचा उजळायचा तसा.

"ताईची हरकत नसेल तर..." ती म्हणाली.

"कसली हरकत," माझ्या तोंडाने म्हटलं.

तोंडाने म्हटलेलं परत घ्यायची आमच्याकडे सोय नाही. निनोमियाबाईंनी नवा कागद काढला, पहिल्या रकान्यात रुरिकोचं नाव लिहिलं. रुरिकोने पर्समधून शिक्क्याची डबी काढली. मी हसत होते. गाल दुखत होते, पण हसत होते.

"तिचं वाडगं आणि अंथरूण द्याल का?" निनोमियाबाईंनी विचारलं. "ओळखीचा वास असला की बरं पडतं."

मी उठले, फटीत हात घातला, टॉवेल ओढला. निळ्या काठाचा, कोपऱ्यात धागा ओढलेला. त्यावर तिचे बारीक, मातकट केस होते, आणि मधोमध तिच्या अंगाचा खड्डा पडला होता. चौदा दिवसांत पडलेला. तो टॉवेल घेऊन मी वळले, आणि रुरिको शिक्क्यावर फुंकर मारत होती.

"नाही," मी म्हणाले.

दोघी वर बघायला लागल्या.

"नाही देणार. माझी आहे ती. हरकत आहे माझी. घर अंधारं असलं तरी मी काय आंधळी नाही. मी तिला हातावर भरवलंय. रुरिको, तू खाली ठेव तो शिक्का. सगळं तुलाच का लागतं गं? रताळं घेऊन रविवारी यायचं, अर्धा तास लाड करायचे, आणि मग सगळ्यांनी तुझीच वाट बघायची! आईला तू अशीच नेलीस. नऊ वर्षं मी धूत होते आणि ती मला 'बाई' म्हणायची. तुला माहीत होतं ते?"

ओरडले मी. खालच्या म्हाताऱ्याने रेडिओ बंद केला. गोबो रुरिकोच्या मांडीवरून उडी मारून पळाली ती थेट फ्रिजमागे.

"मग आधी का नाही बोललीस?" रुरिकोही उभी राहिली. तिचा गोड आवाज पार गेला होता. "नेहमी हेच! तोंडाने 'घे, घे' म्हणायचं, आणि मग आयुष्यभर मी घेतलं म्हणून रागवायचं! मी सात वर्षांची असताना तू मला तुझी बाहुली दिलीस, आठवतंय? अजून बोलून दाखवतेस!"

"ती बाहुली तू मोडलीस."

"पन्नास वर्षं झाली, ताई!"

निनोमियाबाई संत्र्यांच्या टोपलीकडे बघत बसल्या होत्या, जणू त्यांनी संत्री कधी पाहिलीच नव्हती.

रुरिको मग एकदम खाली बसली. शिक्क्याची डबी बंद केली, पुन्हा उघडली. "आईचं मला माहीत नाही," ती हळू म्हणाली. "ते तुझं तुला आणि तिचं तिला. पण गोबोचं सांगते. त्या गुरुवारी ती माझ्याकडे झोपली नाही. फोटो काढला तेवढीच पाच मिनिटं ठीक होती. मग जी दाराकडे तोंड करून बसली ती सकाळपर्यंत. रताळं नको, काही नको. सकाळी अंगणात सोडली तरी पायरीखालीच बसून होती. आणि मग कोपऱ्यावरून तुझा आवाज आला. त्या बहिऱ्या शेजारणीशी थंडीचं काहीतरी मोठ्याने बोलत होतीस. तेव्हा ती धावत सुटली. वेड्यासारखी."

मला झाडाभोवती फिरणारे ते बुटके पाय दिसले.

"मला नाही सांगितलंस," मी म्हणाले.

"नाही सांगितलं." तिने डोळे पुसले, आणि मग माझ्याकडे बघितलं, पहिल्यांदाच, एका म्हातारीने दुसरीकडे बघावं तसं. "मला वाटलं, तुला कशाला ते सुख द्यायचं? मी रात्रभर उठून बसलेय, आणि ती तुझी वाट बघतेय. मला नाही का जळता येत? तुझीच बहीण आहे मी."

 चहा गार झाला होता. मी नवा केला आणि या वेळी रुरिकोच्या कपात साखरेची वडी टाकली. दोन टाकल्या.

निनोमियाबाईंनी तो कागद चार तुकडे करून पिशवीत घातला आणि तिसरा काढला. "ओचीकाकू, आता एकदाच विचारते. तुम्हाला हवी आहे?"

"हवी आहे," मी म्हणाले. एवढे दोन शब्द. माझे कान तापले.

माझं नाव पहिल्या रकान्यात आलं, माझा शिक्का उमटला. मग रुरिकोने दुसऱ्या रकान्यात, 'नंतर सांभाळणार' या शब्दांशेजारी, आपला शिक्का दाबला. लाल, गोल, एकही कड न फाटलेला. मी उजेडात धरून बघितला, सवयीने. खोट नव्हती. आणि तिथे, त्या लाल गोलाकडे बघताना, मला पुन्हा बरगड्यांखाली दुखलं. म्हणजे एक दिवस ती पर्सिमनच्या झाडाभोवती धावेल, आणि कोपऱ्यावरून माझा आवाज येणार नाही. काही दिवस दाराकडे बघत बसेल. मग रताळं खाईल. मग शेपटी हलवेल, रुरिकोसाठी, आणि ते बघायला मी नसेन. नसलेलीच बरी, नाहीतर तेव्हाही जळेन.

मी खालच्या खणातून पिवळा स्वेटर काढला. घडीसुद्धा मोडलेली नव्हती. रुरिकोने ते पाहिलं.

"हा आठवडाभर तू कुशीत घेऊन झोप," मी तिला म्हटलं. "मग आण. तुझा वास लागू दे त्याला. आणि रविवारी येत जा. दर रविवारी."

"रताळं आणू?"

"आण. पण माझ्या हातात दे."

त्याला आता वर्ष होईल. रुरिको दर रविवारी येते. तिची गाडी खाली थांबली की गोबोचा उभा कान आणखी उभा होतो, आणि मी, जिने इतकी वर्षं कुणाला फुकट एक कौतुकाचा शब्द दिला नाही, ती मी फरशीवर गुडघे टेकून त्या पडलेल्या कानात म्हणते, "बघ, कोण आलं! आपली रुरिको आली. रुरिको आली." शेपटी फ्रिजच्या दारावर वाजायला लागते. प्रत्येक वेळी आत जळतं, आजसुद्धा जळलं. पण माझ्यानंतर तिला जिच्याकडे जायचंय, तिचं नाव मीच तिला शिकवायला हवं. पुढच्या रविवारी पुन्हा म्हणेन.